शेवंती, वय अकरा

१

पेडण्याच्या सरकारी कचेरीत रेशनकार्डांच्या खिडकीवर बसून मला एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत एक काम मी मन लावून केलं, ते म्हणजे लोकांची खोटी नावं खोडणं. कार्डावर माणसं वाढवायची लोकांना भारी हौस. कुणी वारलेल्या सासूला जिवंत ठेवतं, कुणी लग्न होऊन गेलेल्या नणंदेला परत माहेरी आणून बसवतं. एका बहाद्दराने तर बैलाचं नाव मुलगा म्हणून घातलं होतं, वय चार. मी अर्ज वाचते, चष्म्यावरून समोरच्याकडे बघते आणि लाल शाईने आडवी रेघ मारते. कचेरीत मला मागून काय म्हणतात ते मला ठाऊक आहे आणि त्याचं मला काही वाटत नाही.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे लिहिलं ते न कळून लिहिलं असं कुणाला वाटू नये.

घरात आम्ही तिघं. मी विनोदिनी, माझे यजमान कृष्णनाथ, ते पेडणे-म्हापसा बसवर कंडक्टर, आणि माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी पूनम. बहीण कोल्हापुरात दिली होती. ती गेली तेव्हा पूनम नऊ वर्षांची होती. तिचे वडील सतीश कारखान्यात पाळीवर जाणारे, ते एकटे पोरीचं कसं करणार, म्हणून थोडे दिवस मी तिला इकडे घेऊन आले. त्या थोड्या दिवसांची दोन वर्षं झाली. तिला आमची भाषा पटकन कळेना म्हणून आम्ही दोघं घरात पुस्तकी मराठी बोलायला लागलो, तो शेजाऱ्यांच्या चेष्टेचा विषय झाला. आम्हाला स्वतःचं मूल नाही.

त्या वर्षी डिसेंबरात सतीशचं पत्र आलं. त्यांनी दुसरं लग्न केलं होतं, घर नीट लागलं होतं. दोन जानेवारीला येतो, पूनमलाच विचारू, ती म्हणेल तसं करू, असं त्यांनी सरळ लिहिलं होतं. सतीश भला माणूस आहे, म्हणून तर मला भीती वाटली. तिने इथं राहते म्हणावं एवढंच मला हवं होतं, दुसरं काही म्हणजे काहीच नको होतं. दोन वर्षांत तिने मला एकदाही आई म्हटलं नव्हतं. ती मावशी म्हणायची, आणि मी मावशीच होते, तरी ती शाळेतून दारात आली की माझे कान रोज टवकारायचे.

२

नाताळच्या सुट्टीत तिला कुठंतरी न्यायचं हे मीच ठरवलं. इतकं छान कुठंतरी, की दोन जानेवारीला तिच्या डोळ्यांसमोर तेच असावं. त्याला कुणी लाच म्हणेल. म्हणू दे.

म्हापशाहून येताना कृष्णनाथांनी एक छापील कागद आणला. घटक राज्य झाल्यापासून आमच्याकडे ज्याला त्याला पाहुण्यांचा धंदा सुचतो आहे, त्यातलाच हा एक. डिचोलीच्या पलीकडे, धरणाच्या फुगलेल्या पाण्याकाठी वाघकोंड म्हणून जागा. वस्ती नाही, वीज नाही. तंबूत राहायचं, वल्ह्याच्या लांब निमुळत्या होडीतून हिंडायचं, गरी टाकून मासे धरायचे. कागदावर होडीचं चित्र होतं. पूनमने ते बराच वेळ बघितलं आणि होडी कुणी चालवायची, असं विचारलं. आपणच, म्हटल्यावर ती हसली. ते हसू बघून मी त्याच संध्याकाळी अर्ज भरायला घेतला.

अडचण अशी निघाली की तिथं चार जणांचाच संच मिळे. दोन तंबू, चार गरी, चार ताटं. चारांहून कमी असतील तर अर्ज घेणार नाही, असं स्पष्ट छापलेलं.

कृष्णनाथांची थोरली बहीण कमलाक्षीवन्सं शेजारीच राहतात. त्या उंडे पाव द्यायला आल्या होत्या, त्यांनी दुसरीच अडचण काढली. तिघांनी म्हणून प्रवासाला निघू नये, हे आमच्याकडे कुणालाही ठाऊक आहे. तिघं निघाले तर चौथा म्हणून एक दगड बरोबर घ्यायचा. माझी आईसुद्धा घ्यायची. वन्सं म्हणाल्या, "फाटल्या दारचो एक फातर घेया वांगडा. आनी चौथो म्हणान न्हेल्लो तो परत घरा हाडा. थंय सोडून येव नाकात."

मागच्या दारचा दगड न्यायचा आणि तिथं न सोडता परत आणायचा, याची पूनमला फार मजा वाटली. मागच्या दारी कपडे धुवायच्या जागेजवळून ती नारळाएवढा एक गुळगुळीत काळा दगड घेऊन आली आणि मेजावर माझ्या अर्जाशेजारी ठेवला. अर्जात चौथी ओळ रिकामी होती. दोन्ही अडचणी एकाच दगडाने सुटत होत्या. मी कचेरीतली बाई, मला आनंद झाला तो त्या सोयीचा.

नाव काय लिहू, असं मी तिला विचारलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पिवळ्या शेवंतीचं चित्र होतं. ती म्हणाली शेवंती. वय विचारलं तर म्हणाली, माझ्याएवढीच. नातं? त्या रकान्यापाशी ती थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग मीच लिहिलं: मुलगी.

पूनमच्या पुढे त्याच रकान्यात मी भाची असं लिहिलं होतं. ते खरंच होतं.

३

आठ दिवसांत उत्तर आलं. जागा राखून ठेवली आहे, अमुक बसने या, तमुक ठिकाणी उतरा, पलीकडे न्यायला माणूस होडी घेऊन येईल, सगळं नेहमीसारखं. शेवटी एक ओळ होती. आपली मुलगी शेवंती हिला पाण्याची भीती वाटते असे कळवल्यावरून तिला होडीत मधली जागा देण्यात येईल.

मी असं काही कळवलं नव्हतं. अर्ज मी स्वतः भरला, स्वतः पाकिटात घातला, स्वतः पोस्टात टाकला. अर्जाची नक्कल ठेवायची मला सवय आहे. नक्कल काढून बघितली, त्यात तसं एक अक्षर नव्हतं. पूनमला विचारलं. तिने मान हलवली. ती खोटं बोलत नाही, कोल्हापूरच्या मुलीला ती कला अजून आलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बसस्टँडवरच्या बूथमधून मी पत्रावरच्या त्यांच्या डिचोलीच्या नंबरावर फोन लावला. बाबली नावाच्या राखणदाराने उचलला, म्हातारा आवाज. मी ओळ वाचून दाखवली आणि हे कुठून आलं, असं कचेरीच्या आवाजात विचारलं.

"तुमच्या चेडवानच फोन केल्लो, बाये," तो म्हणाला. "माका पाण्याचो भंय दिसता म्हणालां. आनी म्हणालां, आईक सांगू नाका."

मी फोन ठेवला. बूथच्या काचेतून समोर पूनमच्या शाळेचं फाटक दिसत होतं. म्हणजे हिने मधल्या सुट्टीत येऊन फोन केला. खेळ केला, दगडाच्या नावाने स्वतःचीच भीती सांगितली, आणि आता विचारल्यावर लाजली. मुलं असं करतात. हिशेब सरळ लागत होता. आणि त्यातला एक शब्द माझ्या छातीत असा काही जाऊन बसला की पुढची चौकशी मी केलीच नाही. माझ्यामागे, परक्या माणसाशी बोलताना, ती मला आई म्हणाली होती. दुपारभर खिडकीवर मी एकाही अर्जावर रेघ मारली नाही.

४

निघायला दहा दिवस होते. मी यादी केली. घोंगड्या, कंदील, काडेपेट्या, चहापूड, कोकमं, जायफळ. सुटीच्या दुपारी घर सुस्तावलेलं असायचं, बाहेर उन्हात मिरच्या वाळत, आणि मी पलंगावर पडून यादी वाचत असे. वाचता वाचता डोळा लागे. अर्धवट झोपेत पलीकडच्या खोलीत पूनम कुणाशी तरी हळू बोलताना ऐकू यायची. कान देऊन ऐकलं की एकटीचाच आवाज. मी परत झोपायची. मला त्या दुपारी आवडायला लागल्या होत्या, हे खरं सांगते. घर भरल्यासारखं वाटायचं.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून कृष्णनाथ उन्हासाठी गवती टोप्या घेऊन आले. चार होत्या. मी बोटाने मोजून दाखवल्या तेव्हा ते स्वतःच गोंधळले. बसमध्ये मागे न बघता माणसं मोजणारा माणूस, पंचवीस वर्षांत त्यांची मोजणी कधी चुकली नाही. ते म्हणाले, दुकानदाराने किती म्हणून विचारलं, मी घरातली माणसं मनात मोजली, चार झाली. कुणाकुणाला मोजलंत, असं मी विचारलं. "आपल्यालाच," ते म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

दगड पूनमच्या खोलीत जनेलाखाली, म्हणजे खिडकीखाली, होता. एक दिवस केर काढताना बघितलं तर त्याच्या अंगाखालची फरशी ओली. धुण्याच्या जागेवरचा दगड, वर्षानुवर्षं पाणी प्यालेला, तो पाणी सोडणारच. मी फडक्याने पुसलं. पुसताना हाताला लागलं ते पाणी कोमट होतं. ऊन पडलं असेल. जनेल उत्तरेला आहे, तिथं ऊन येत नाही, हे मला माहीत होतं, तरी मी ऊन पडलं असेल असंच म्हटलं.

पूनम मात्र गप्प होत चालली होती. निघायच्या आदल्या दिवशी ती माझ्या मागे स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. उभी राहताना एका पायाने दुसरा पाय खाजवायची तिची सवय होती, तशी. "मावशी, तिला राहू दे की घरीच," ती म्हणाली.

मी म्हटलं, अगं दगड तो, बॅगेच्या तळाला पडून राहील. शिवाय वन्संना काय सांगू? ती म्हणाली, मग मी राहते घरी. मला हसू आलं. नावं पाठवून झाली, चार म्हणजे चार, आता खोडाखोड चालायची नाही, असं मी तिला चेष्टेने सांगितलं. ती हसली नाही. तेव्हा मी तिला जवळ घेऊन विचारायला हवं होतं. मी कढई उतरवली आणि डबे भरायला घेतले.

५

बस सोडून रानातून मैलभर चाललो आणि पाणी लागलं. असं पाणी मी बघितलं नव्हतं. खाली कधीकाळी बागायत असावी, कारण मधेमधे माडांचे वाळलेले बुंधे पाण्यातून वर आलेले होते. वारा नाही, लाट नाही. आभाळ खाली उतरून झोपलं होतं. आपण बोललेलं पलीकडच्या काठाला जाऊन सावकाश परत येई.

बाबली दोन होड्या बांधून उभा होता. सत्तरी उलटलेला, डोळ्यांत मोतीबिंदू. त्याने आमच्याकडे नजर टाकली आणि पूनमच्या जरा बाजूला बघत विचारलं, "ह्या दोगांतलां पाण्याक भियेता तां खंयचां?"

पूनम माझ्या पदराला चिकटली. मी त्याला तिचं नाव सांगून म्हटलं, दोघी कुठल्या, मुलगी एकच आहे, दुसरी बॅगेत आहे. मोतीबिंदूवाल्याला एकाची दोन दिसतात, आमच्या मामांना दिसायची. सामान त्याने आपल्या होडीत घेतलं. दुसरी आमच्या ताब्यात दिली आणि बजावलं की तिच्यात तिघंच, चौथं माणूस बसलं तर ती पाणी घेते. कृष्णनाथ पुढे, मी मागे, दोघांच्या हातांत वल्ही, पूनम मध्ये. तिघांचीही तोंडं पुढे. वल्हं पाण्यात गेलं की फक्त एक घोट घेतल्यासारखा आवाज होई.

ती दुपार मी विसरणार नाही, इतकी ती सुंदर होती. काठावर बांबूच्या चार काठ्या रोवून बाबलीने चार गरी टाकल्या. आम्ही टोप्या घालून बसलो. पूनमच्या दोरीला ओंजळीएवढा मासा लागला आणि तिने असा काही आनंद केला की कृष्णनाथांनी तिला उचलून घेतलं. मी मनात म्हटलं, आता दोन जानेवारीला काय व्हायचं ते होऊ दे, ही इथंच राहणार.

चौथ्या काठीला आमिष लावलेलं नव्हतं, ते मी बघितलं होतं. ऊन उतरताना ती वाकली. हळूहळू, टोक पाण्याला लागेपर्यंत वाकली आणि तशीच राहिली. झटका नाही, थरथर नाही. कुणीतरी खालून दोरी नुसती धरून ठेवावी तशी. कृष्णनाथ उठायला लागले तर बाबली म्हणाला, राहू द्या, सोडतलां. थोड्या वेळाने काठी सरळ झाली. दोरी वर काढली तेव्हा गरीला एक केस गुंडाळलेला होता, लांब. पाण्यात काय काय वाहून येतं. बाबलीने तो बोटांनी सोडवला आणि परत पाण्यात ठेवला, टाकला नाही.

एका तंबूत आम्ही, शेजारच्यात पूनम. मी तिला आमच्यातच ये म्हटलं तर कृष्णनाथ म्हणाले, मजा करू दे तिला. कंदील लावायच्या वेळेला तिच्या तंबूतून खुदखुद ऐकू आली. कृष्णनाथ अंथरूण घालता घालता सवयीने ओरडले, "झोपा गो दोघी."

खुदखुद थांबली. आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग ते म्हणाले, तोंडाला येतं काहीतरी, आणि मी म्हटलं, तर काय.

६

दुसरा दिवस कसा गेला ते मला सलग आठवत नाही. सकाळी होडी, दुपारी भात आणि माशाचं तिखलं, बाबलीने चार ताटं वाढली, चारही धुवायला गेली. कुठलं ताट कुणी संपवलं ते मी बघितलं नाही. इतकं शांत होतं की काही विचारावंसं वाटेना.

दुपार कलताना मी काठावरच्या झाडाखाली पडले होते. पूनम येऊन शेजारी बसली. मग तिने विचारलं, "मावशी, मी बाबांकडे गेले तर तुला चालेल?"

मी उठून बसले. ती पाण्याकडे बघत बोलत होती. तिला तिथली शाळा आठवते, गल्लीतल्या मैत्रिणी आठवतात, नवी आई चांगली आहे असं बाबा म्हणाले. इथंही आवडतं. पण घर तिकडं आहे. ती फार नीट बोलत होती, म्हणजे मनात कितीदा तरी घोकलेलं असणार.

मी म्हटलं, "चालेल की. न चालायला काय झालं?"

तिने माझा हात धरला. मी तो धरू दिला. मला दुःख झालं, आणि दुःखापेक्षा जास्त राग आला, अकरा वर्षांच्या पोरीचा, ते मी लपवत नाही. दोन वर्षं तिच्या वेण्या घातल्या, तापात उशाशी बसले, भाषा बदलली. आणि त्या रागात माझ्या मनात आलं: शेवंती असती तर गेली नसती.

मी ते बोलले नाही. नुसतं मनात आलं. पण पलीकडच्या काठावरून आमची बोलणी सावकाश परत येत होती तसं हेही परत आलं. मला ते ऐकू आलं, माझ्याच आवाजात. पूनमने हात सोडला आणि तंबूकडे बघितलं.

७

तिसऱ्या दिवशी सकाळी पाण्यावर धुकं होतं. बाबली सामान घेऊन आधीच पलीकडे गेला होता. आमची होडी काठाला लागलेली. कृष्णनाथ पुढे बसले, मी मागे बसायला गेले, आणि मला दगड आठवला. बॅगेतून काढून तो पूनमच्या तंबूत ठेवला होता, तो तिथंच राहिला होता. वन्संनी बजावलं होतं, नेलेला परत आणायचा. मी पूनमला म्हटलं, जा, तेवढा दगड घेऊन ये.

ती एकदा माझ्याकडे बघून चढण चढून गेली. लाल स्वेटर धुक्यात थोडा वेळ दिसला, मग दिसेनासा झाला.

फार वेळ लागला नाही. ती धावत खाली आली, होडीत चढली आणि माझ्याकडे पाठ करून मधल्या जागेवर बसली. टोपी खाली ओढलेली. मी विचारलं, मिळाला का? तिने मान हलवली. हात रिकामे होते. कालच्या बोलण्याने रुसली असेल असं मला वाटलं, आणि मीही कालची रुसलेलीच होते, म्हणून जास्त विचारलं नाही. कृष्णनाथांनी मागे न बघता मोजलं आणि म्हणाले, झाली, चला.

आम्ही मध्यावर आलो. धुकं विरत होतं. समोरच्या पाठीकडे मी सहज बघत होते. तो स्वेटर मीच विणलेला, पाठीवर खांद्याखाली माझा एक टाका चुकला होता, तो मला दरवेळी टोचायचा. तो टाका आता कुठं दिसत नव्हता. सगळी वीण अगदी बरोबर होती.

तेवढ्यात मागून पाण्यावरून हाक आली. "मावशी."

मी वळून बघितलं. काठावर, आमची होडी होती तिथं, लाल स्वेटर घातलेली मुलगी उभी होती. दोन्ही हातांनी तिने काहीतरी काळं, जड, छातीशी धरलं होतं. सांगितलं होतं ते घेऊन आलेली. ओरडत नव्हती, रडत नव्हती. एका पायाने दुसरा पाय खाजवत उभी होती, आम्ही परत वळू याची वाट बघत.

धुकं आहे, मी स्वतःला म्हटलं. दोन रात्री झोप नीट नाही. पूनम तर समोर बसली आहे, एक मूल दोन ठिकाणी कसं असेल? अर्जावर असतं तर मी कधीच रेघ मारली असती. सगळं बरोबर होतं, फक्त कुठल्या नावावर रेघ मारायची ते मला ठाऊक होतं.

"कोण हाक मारतंय?" कृष्णनाथांनी विचारलं. त्यांचं तोंड पुढेच होतं.

समोरची मुलगी वळली नाही. तिने हात मागे करून माझ्या गुडघ्यावर ठेवला. हात कोमट होता आणि ओला.

"आई," ती म्हणाली, "चल ना घरी."

काठावरून परत हाक आली, आता जरा बारीक. मावशी. माझा जीव तुटला, असं मी म्हणेन, आणि ते खोटं नाही. पण ती दोन जानेवारीला जाणारच होती.

"कुणी नाही," मी कृष्णनाथांना म्हटलं. "तिघंही आहोत." आणि मी वल्हं पाण्यात घातलं.